हिरवी वायर

कारागिराने पॉवर सप्लायचं झाकण उचललं आणि आत बोट घालण्याआधी कपॅसिटरच्या दोन्ही टोकांना बल्ब लावून पाहिला. बल्ब लुकलुकलासुद्धा नाही. नऊ वर्षं बंद असलेल्या यंत्रात वीज कुठली उरायला? पण सवय ती सवय.

मास्तरांचा हा कॉम्प्युटर तेव्हाही म्हातारा होता. नवा घ्यायचं त्यांनी कधी नाव काढलं नाही, आणि शेवटी त्याच्याच पत्र्याच्या पेटीला हात लागून शॉकने गेले. त्यांच्या बायकोने नुकतीच फरशी पुसली होती आणि मास्तर अनवाणी होते. वायरमन आला, ओल्या फरशीकडे बोट दाखवून निघून गेला. दिवसकार्य उरकल्यावर मुलगी आईला दोष देऊन गेली, ती पुन्हा तिच्या दारात आली नाही.

काल मास्तरांच्या बायकोने, वहिनींनी, ती पेटी दुकानात आणून ठेवली.

"चालू करायचाय?" त्याने विचारलं होतं.

"नाही झाला तरी चालेल. यात काही दोष होता का, तेवढं बघा. की माझी फरशीच..."

दोष शोधायला फार वेळ लागला नाही. पंख्याखालून जाणारी मेनची लाल वायर पत्र्यावर घासून सोलली गेली होती आणि आतलं तांबं उघडं पडलं होतं. सगळ्या पेटीत करंट उतरला असणार. पण मग अर्थिंगने तो जमिनीत जायला हवा होता, फ्यूज तिथल्या तिथे उडायला हवा होता. त्याने अर्थिंगची हिरवी वायर शोधली. ती कापलेली होती. टोकावर काळी नळी, आणि नळीवर पांढऱ्या दोऱ्याच्या तीन गाठी.

टेपचा डिंक वाळतो, दोरा दगा देत नाही, असं त्याला काम शिकवणारे उस्ताद सांगायचे. उस्ताद जाऊन जमाना झाला. अशा गाठी मारणारा आता तो एकटाच होता.

तो स्टुलावर बसून राहिला. मग त्याने दोरा कापून केराच्या डब्यात टाकला आणि हिरवी वायर जागेवर जोडून सोल्डरिंगचा डाग दिला. लाल वायर घासली होती हे काही खोटं नव्हतं. तेवढंच सांगितलं की वहिनी सुटणार होत्या, आणि तोही. साप मरणार होता, काठीही मोडणार नव्हती.

वहिनी ठरल्या वेळेच्या तासभर आधीच आल्या. चपला दाराशी काढून तिथेच थांबल्या, आणि तळपाय एकेक करून पायपुसण्यावर घासू लागल्या. बराच वेळ घासत होत्या.

"कोरडे आहेत माझे पाय," त्या म्हणाल्या. "जवळ येऊ ना?"

कारागिराला त्यांच्याकडे बघवेना. "या की. बसा. दोन मिनिटं थांबा," असं म्हणून त्याने सोल्डरिंग आयर्न पुन्हा तापवलं. मघाशी दिलेला डाग वितळवला आणि हिरवी वायर सोडवून बाहेर काढली. केराच्या डब्यातून दोरा शोधून तिच्याशेजारी ठेवला.

"वहिनी, दोष यात होता. करंट पेटीत उतरला होता. ही वायर जोडलेली असती तर मास्तरांना काही झालं नसतं, फरशी ओली असो की कोरडी."

"मग ही कुणी कापली?"

"मी."

वहिनी दोऱ्याकडे बघत राहिल्या.

"का?"

"स्पीकरमधून घरघर यायची. कापली की थांबते. नंतर बघू म्हणालो आणि राहून गेलं."

त्यांनी दोरा उचलून हातात घेतला. मग म्हणाल्या, "ती घरघर त्यांना चालायची. मला सहन होत नव्हती. मीच त्यांना तुमच्याकडे पाठवलं होतं."

"सांगणारे शंभर गोष्टी सांगतात, वहिनी. कापायची की नाही, ते कारागिराने ठरवायचं असतं."

 वहिनींनी पिशवीतून फोन काढला. मुलीचा नंबर पाठ होता. पलीकडे बराच वेळ वाजत राहिलं.

"मी बोलतेय. ठेवू नकोस," त्या म्हणाल्या, आणि फोन त्याच्यापुढे धरला. "मला सांगितलंत तसंच सांगा. घरघरीचंही सांगा."

कारागिराने हात शर्टाला पुसला, फोन घेतला, आणि आधी आपलं नाव सांगितलं.