नंदीचा मोडका कान

नंदीचा कान म्या मोडला. आधीच कबूल करते, म्हंजे मंग कुणी मला खोटारडी म्हणणार न्हाई. बाकीचं तिखटमीठ लावून सांगणार हाय.

भूकंपात आमचं निलंग्याचं घर पडलं, तवा एक सागवानी खांब तेवढा धड राहिला. त्यानं आधी वाकून बघितलं, गुरम्मा म्हंजे मी भाईर गेले का, आन् मंगच आडवा झाला. आमचे मालक गुरुपादप्पा लाकडावर नक्षी कोरायचे. त्यांनी त्या खांबाला कुणाला हात लावू दिला न्हाई. जाताना खांब आन् कोरायच्या पटाश्या नातीला दिल्या, शिवकन्येला.

भूकंपाला तेरा सालं झाली, तवा लातूरहून राघवेंद्र सर आले. त्यांचा डॉक्टर बनवायचा क्लास. पोरं इतकी, की हजेरीत शेवटचं नाव येईपर्यंत पहिल्याला दाढी फुटती. त्यांना क्लासाच्या दारात लाकडाचा नंदी पाहिजे होता. पोरं कानात मागणं सांगतील म्हणून.

शिवकन्येनं काम धरलं तसा माझा लेक उमाशंकर भडकला.

"दहावी झाली. आता सरांच्याच क्लासात घालतो तुला. छिन्नी-हातोडा बस झाला!"

"अप्पा, सरांना नंदी पसंत पडला तर मी हेच काम करणार."

"आन् न्हाई पडला तर?"

"सोमवारपासून क्लासात बसते. गुमान."

दीड महिना पोरगी त्या खांबावर ठोकत राहिली. नंदी असा उतरला, की शेजारच्या दानम्माच्या म्हशीनं गोठा सोडला आन् आमच्या दारात येऊन बसली. आता निस्ते डोळे कोरायचे बाकी. मालकांचा नियम होता, डोळे उघडल्याबिगर नंदीला कुणी काही मागायचं न्हाई.

सर येणार त्या दिवशी सकाळीच म्या गेले. कान गच्च धरला आन् म्हणलं, "देवा, माझ्या नातीला क्लासात नको रे बसवू."

काडकन आवाज झाला. कान माझ्या हातात!

"आज्जी, पदराखाली काय हाय?"

"भाकरीचा तुकडा."

"सागवानाचा?"

म्या कान दिला. मला वाटलं, पोरगी आता रडती. तिनं तो उजेडात धरला.

"तू न्हाई मोडला असतास तर दुसऱ्यानं मोडला असता. लाकडाची नस, ह्या रेघा, आडवी गेली हाय बघ. चूक माझीच हाय."

उरलेल्या लाकडातून तिनं नवा कान कोरला, नस उभी धरून. त्याला खुंटी ठेवली, डोक्यात भोक पाडलं आन् बसवला. चिकटवायला सरस लावावा तर वाळायला वेळ न्हाई. तेवढ्यात सर दारात.

सरांनी नंदीच्या पाठीवरून हात फिरवला, लई खूष झाले, आन् कान धरला. कान त्यांच्या हातात आला!

उमाशंकर म्हणला, "झालं! सोमवारी वही-पेन घे."

म्या पुढं झाले. "सर, निजामाच्या टायमाला असाच एक नंदी हुता. गिऱ्हाईक आवडलं की कान काढून भेट द्यायचा."

"आज्जी, गप!" शिवकन्या म्हणली. "सर, कान मोडला होता. मी दुसरा केला. खुंटीवर हाय."

सरांनी कान बसवला. काढला. परत बसवला.

"माझ्याकडं नऊशे पोरं आहेत," ते म्हणाले. "परीक्षेच्या आधी सगळी ह्या कानांना लोंबकळणार. मोडला तर अख्खा नंदी बदलायचा होय? दुसरा कान बी असाच कर, बाई. आन् सहा कान जास्तीचे दे."

उमाशंकरचं तोंड उघडं ते उघडंच. म्या त्यात गुळाचा खडा टाकला.

सोमवारी पोरगी क्लासात गेलीच, पण टेंपोत नंदीला धरून. तिथं दारातच तिनं त्याचे डोळे उघडले. आता दरसाल परीक्षेच्या महिन्यात लातूरहून फोन येतो, "कान पाठवा."

तो मोडका कान मात्र माझ्या उशीखाली हाय. नंदीचे डोळे मिटलेले असून बी त्या कानानंच माझं ऐकलं, हे घरात कुणाला सांगितलं न्हाई म्या. काल हळूच त्यात म्हणलं, सुनेला पुरणपोळी करायची बुद्धी दे.

चुलीवर हरभऱ्याची डाळ शिजत हाय.