धनराजचा तांब्या

"उचलला! देवीनं उचलला!" समाजमंदिरात एकच गलका उठला. देवीचे भगत बाबाजी, त्यांनी तांदळानं भरलेल्या तांब्यात सुरी खुपसली होती अन् सुरीबरोबर अख्खा तांब्या अधांतरी लोंबत होता. त्यावर चिठ्ठी होती धनराज ठेकेदाराची. बाकी दोन ठेकेदारांच्या तांब्यांतून सुरी मोकळीच निघाली. म्हणजे शाळेच्या नव्या खोल्यांचं काम पुन्हा धनराजलाच!

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी गवंडी, शाळा समितीचा सदस्य. दोन वर्षांपूर्वी याच तांब्यानं धनराजला निवडलं अन् त्यानं बांधलेल्या वर्गाचा स्लॅब यंदा पोरांवर आला. माझ्या लेकीच्या, खुशबूच्या डोक्यात सात टाके पडले. मी ओरडून सांगितलं, सिमेंट कमी होतं. बाबाजी म्हणाले, "पायव्यात कोंबडा नाई कापला, देवी कोपली." लोकांना कोंबडा पटला. काय बोलावं या लोकांना!

"गुणवंतराव, तिघांची जुनी कामं तरी पाहा," मी अध्यक्षांना म्हणालो.

"हरिदास, देवीपेक्षा तुले जास्त समजते काय बे?"

तेवढ्यात माझी बायको मनकर्णा उठली. ती शाळेत पोरांची खिचडी शिजवते. "बाबाजी, मले एक तांब्या द्या."

"बाईमाणसानं शिवू नाई!"

"तांदूळ मीच निवडून देल्ले, तवा चालली बाई?"

लोक हसले. तिनं दुसऱ्या ठेकेदाराचा तांब्या जमिनीवर हलकेच आपटून तांदूळ बसवले, अंगठ्यानं दाबले, आणखी भरले. मग सुरी दहा-बारा वेळा खुपसली अन् उचलली. तांब्या वर!

"मंतर-बिंतर काई नाई. अरुंद तोंडाच्या भांड्यात तांदूळ ठासले का दाणे सुरीले आवळून धरतात. शाळेच्या बरणीत माझा चमचा रोज असाच फसते. बाबाजी मंतर म्हणता म्हणता धनराजचाच तांब्या आपटून राह्यले होते. बाकीचे सैल ठेवले."

बाबाजी पिशवी आवरू लागले. धनराजनं मोबाइलात डोकं घातलं. तरी गुणवंतराव पुटपुटले, "पण बाई, देवी..."

"भाऊ, तुमची नात रिना कोणत्या वर्गात हाये?"

"तिसरीत."

"म्हणजे पुढच्या साली नव्या खोलीत तीच बसन."

गुणवंतरावांनी धनराजच्या तांब्यावरची चिठ्ठी काढली. मग म्हणाले, "गाडी काढ, हरिदास. तिघांची कामं पाहून येऊ." मी हातोडी घेतली.

देवीला हात जोडायचे तर खुशाल जोडा. पण ठेकेदार निवडताना त्यानं बांधलेल्या भिंतीत खिळा ठोकून भुगा पडतो का बघा, दोन पावसाळे काढलेलं छत बघा, तिथल्या लोकांना विचारा. एवढं साधं आम्हाला सात टाक्यांनंतर सुचलं, याची मला अजून लाज वाटते.