नारू काढणारी ठकुआत्या

“हलू नगंस, चिमाजी! नारू तुटला तर पाय सुजून भोपळा हुईल तुझा.”

चिमाजीच्या घोट्यातून डोकावणारा पांढरा, दोऱ्यासारखा किडा ठकुआत्या काडीवर गुंडाळत होती. रोज बोटभर, जास्त नाही. वेल्ह्याच्या आमच्या खोऱ्यात हे काम तिच्याएवढं कुणालाच जमत नसे. नारू निघाला की लोक तिला सुपात भात घालत, आणि त्यावरच त्या एकट्या बाईची चूल पेटे.

समोर पुण्याचे डॉक्टर. नारू कशानं होतो ते शोधायला आलेले. लिहायला अर्थात मी! सातवीत शिकणारी वाडीतली एकुलती एक मुलगी.

“नारू झालेले लोक पाणी कुठलं पितात?” डॉक्टर विचारत.

“फुलाबाई, डावा पाय, पायऱ्यांची हीर. गेनबा, दोन्ही पाय, पायऱ्यांची हीर...” आत्याला माणसांआधी त्यांचे पाय आठवत.

एकेचाळीस नावं झाली. वाडीतल्या दुसऱ्या, रहाटाच्या विहिरीचं एकही नाही! मी जवळजवळ उडीच मारली. “डॉक्टर, नारूचे पाय घेऊन लोक पाण्यात उतरतात आणि तेच पाणी सगळे पितात! उतरायचं नाही, गाळून प्यायचं, की संपला नारू!”

“शाब्बास!”

“आन् मंग म्या काय खाऊ गं, मास्तरीणबाई?” आत्या हसली. मला काही हसू येईना.

डॉक्टरांचं कुणी ऐकलं नाही. “आमचं बापजादं हितलंच पाणी प्यालं,” गेनबा म्हणाला. तिसऱ्या दिवशी पाहते तर काय, विहिरीच्या पहिल्याच पायरीवर आत्या ठाण मांडून बसलेली!

“जो पाण्यात उतरंल त्याचा नारू म्या काढायची न्हाई. जावा मग लंगडत भोरच्या दवाखान्यात!”

“आत्ये, सोताच्याच पोटावर पाय देतीस व्हय?” चिमाजीनं विचारलं.

“माजं प्वाट म्या बगीन. तू वरनं पोहरा सोड. आन् घागरीच्या तोंडाला धडुतं बांध.”

तिच्यावाचून कुणाचं चालणार होतं? सगळ्यांनी मुकाट्यानं पोहरे सोडले.

दोन उन्हाळ्यांनी डॉक्टर पुन्हा आले. आत्या चिमाजीच्या रानात मजुरीनं भाताच्या रोपांसाठी जाळायचा राबाचा पाला वाहत होती.

“औंदा किती, ठकुबाई?”

“लिव गं पोरी. एक बी न्हाई.”

मी मोठ्ठं शून्य काढलं. तिनं वाकून पाहिलं.

“यवढंच व्हय?”

“एवढंच, आत्या.”

 मग पदराची चुंबळ करून तिनं डोक्यावर ठेवली.

“झ्याक झालं. आता टोपलीला हात लाव.”

मी हात लावला. टोपली चांगलीच जड होती.