अर्धा सूर खाली

मलेशियातल्या मलाक्क्याच्या किनाऱ्यावरच्या पोर्तुगीज वस्तीत ज्यांच्या घरी पियानो होता, त्यांना आल्बन डँकर हवाही असे आणि नकोही. हवा, कारण त्या दमट हवेत जुना पियानो जिवंत ठेवणं त्यालाच जमे. नको, कारण त्याच्या जिभेला हाड नव्हतं. आजोबांच्या पियानोची मोठी किंमत येईल या आशेनं कुणी बोलावलं, की हा झाकण उघडून सांगे, "वाळवीनं आतून खाल्लाय. कोंबड्या ठेवायला बरा आहे." बेसूर ते बेसूर, मग समोर फादर का असेनात. फादरनाही त्यानं सोडलं नव्हतं.

मऊ पडायचा तो एकाच घरात, हिल्डा मोंतेरोच्या. ती विधवा, हा विधुर. पावसाळा सरला की तो तिचा उभा पियानो बघायला जाई. ओल धरू नये म्हणून त्याच्या पोटात रात्रंदिवस जळणारा बल्ब बदली, उंदराचं घरटं काढी, आणि लग्नाचं विचारायचं ठरवून आलेला माणूस न विचारताच परत जाई. यंदा मात्र नाताळला विचारायचंच, असं त्यानं मनाशी पक्कं केलं. आणि रिकाम्या हातानं कसं विचारायचं, म्हणून तिला भेट द्यायचं ठरवलं. भेट म्हणजे खरा सूर.

तिच्या पियानोच्या तारा इतक्या गंजल्या होत्या की ताणल्या असत्या तर तुटल्या असत्या. म्हणून इतकी वर्षं तो त्या एकमेकींशी जुळवून देई, पण सगळा पियानो अर्धा सूर खाली. दुसऱ्या कुणाला ते कळत नव्हतं. आल्बनला मात्र ते दातात अडकलेल्या माशाच्या काट्यासारखं सले. त्यानं पेनांगहून नव्या तारा मागवल्या, आठवडाभर खपून, किल्लीनं पिळून चढवल्या, आणि हिल्डाला म्हणाला, "बस. गा."

दर नाताळच्या संध्याकाळी, चर्चमधल्या मिस्साच्या आधी, अख्खी वस्ती हिल्डाकडे जमे आणि ती स्वतः वाजवत एक स्तोत्र गाई. शेवटचा उंच सूर ती लावी तेव्हा लोकांचा घास हातातच राही. आता नव्या तारांवर तेच स्तोत्र गाताना ती त्या सुराशी पोचली आणि मान मुरगळलेल्या कोंबडीसारखा आवाज निघाला.

"काय केलंस रे याला?"

"बरोबर केला."

"म्हणजे मी इतकी वर्षं चुकीचं गात होते?"

शहाणा माणूस इथे गप्प बसला असता.

"चुकीचं नाही. खाली. अर्धा सूर."

"ऊठ! तुझ्या किल्ल्या उचल आणि चालू पड. ती ऑलिव्ह देव पाण्यात घालून बसलीय माझा आवाज फुटायची. काय सांगू तिला? आल्बननं पियानो सुधारला आणि मी बिघडले?"

ऑलिव्ह म्हणजे तिची नणंद. स्तोत्र दुसऱ्या पट्ट्यांवरून वाजवावं तर हिल्डाच्या बोटांना तेवढी एकच वाट ठाऊक होती.

आल्बन घरी जाऊन फुगून बसला. बरोबर ते बरोबर! पण दुसऱ्या दिवशी तोच किल्ली घेऊन तिच्या दारात उभा. हिल्डा मिरच्या जरा जोरानंच कुटत राहिली. त्यानं एकेक तार पुन्हा अर्धा सूर उतरवली. चारचौघांत लेंगा उतरवावा तसं त्याला वाटत होतं.

नाताळच्या संध्याकाळी हिल्डानं तो सूर असा लावला की म्हाताऱ्यांनी डोळे पुसले. ऑलिव्हचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं झालं. मग नाच हवा म्हणून ऑलिव्हच्या सिंगापूरच्या जावयानं अकॉर्डियन काढला, हिल्डानं पियानोवर साथ धरली, आणि दोन्ही वाद्यं मांजरांसारखी भांडायला लागली. सगळे थांबले.

"अगं बाई, वहिनी!" ऑलिव्ह म्हणाली. "पियानो उतरलाय तुझा! तरीच म्हटलं, या वयात एवढा उंच आवाज! आल्बन, तू सांग बाबा. तू काही खोटं बोलायचा नाहीस."

हिल्डानं मान वर केली नाही. तिचे कान लाल झाले होते. आल्बननं जावयाला एक सूर धरायला लावला. तो सूर अगदी खरा होता.

"पियानो बरोबर आहे," तो म्हणाला. "जावयाचा बाजा चढलाय."

"अंकल, नवाकोरा आहे हो!"

"तेच तर. आजकालच्या मालाचा काय भरवसा? पेटीत घाल तो."

आल्बन म्हणतो म्हटल्यावर वाद संपला. बाजा पेटीत गेला, ऑलिव्हनं जावयाला सगळ्यांदेखत झापलं, आणि वस्ती पियानोवर नाचली.

गर्दी जरा हलल्यावर हिल्डा त्याच्याजवळ येऊन बसली.

"लबाडा. धडधडीत खोटं बोललास."

"हो."

"तुला काय विचारायचंय ते मला कधीचं माहीत आहे. मीच विषय निघू देत नव्हते. रोज सकाळी उठून खरं कोण ऐकणार रे?" तिनं झगा सावरला. "आज विचारलंस तर चालेल."