टेम्पोच्या दारातली शेवंती

गोरेगावच्या स्टुडिओत माझ्याबद्दल एक वाक्य ठरलेलं होतं. धम्मपालला बोलवा, तो घोड्याला लिफ्टमध्येसुद्धा चढवेल. ते वाक्य मीच पसरवलं होतं, पण खोटं नव्हतं. बारा वर्षांत शूटिंगचा एकही घोडा माझ्या हातून टेम्पोच्या दारातून परत फिरला नव्हता. त्यामुळे भांडुपच्या सुशांतचा फोन आला तेव्हा मी ऐटीत सांगून टाकलं, "सात दिवस दे. आठव्या दिवशी घोडी स्वतः टेम्पोला हात दाखवेल."

सुशांतची घोडी म्हणजे शेवंती. पांढरी, सोळा वर्षांची, सगळा जन्म लग्नाच्या वरातीत गेलेला. त्याचे वडील होते तोवर धंदा जोरात होता. आता ते नाहीत, आणि नवरदेव गाडीच्या छतातून डोकं बाहेर काढून येतात. सुशांत स्वतः नोकरीला लागला होता. त्याने घोडी नेरळच्या एका माणसाला द्यायचं ठरवलं, माथेरानला पर्यटक फिरवायला. तो नेरळवाला रविवारी टेम्पो घेऊन येणार होता. अडचण एकच, शेवंती आजवर टेम्पोत चढलीच नव्हती. भांडुप-मुलुंडच्या लग्नांना ती चालत जायची. टेम्पोला लावलेली लाकडी फळी नुसती वाजली तरी तिचे पाय थरथरायचे.

दुसरी अडचण मला कोणी सांगितली नव्हती. ती म्हणजे सुशांतची आई, वनमालाकाकी.

"तूच नेतोस काय रे तिला?" पहिल्याच दिवशी काकीने विचारलं. ती घोडीला खरारा करत होती.

"मी फक्त चढायला शिकवतो, काकी. नेणारा वेगळा."

"म्हणजे फास लावणारा वेगळा आणि दोर वळणारा तू."

मला राग आला. माणसाने कामाला यावं आणि आल्या आल्या खाटीक ठरावं? पण मी तिथे चहा घेतला, कारण चहा झकास होता.

घाबरलेल्या घोड्याला ओढायचं नसतं. आपण ओढलं की तो उलटा ओढतो, आणि त्याचं वजन आपल्यापेक्षा जास्त असतं. हे न कळलेले लोक पुढे कमरेला पट्टा बांधून फिरतात. मी दोन दिवस फळी नुसती जमिनीवर टाकली आणि तिच्यावर हरभरे ठेवले. तिसऱ्या दिवशी ओळखीच्या एकाचा टेम्पो तबेल्यासमोर आणून ठेवला, फळी त्याला लावली, वाजू नये म्हणून वर गोणपाट अंथरलं. तळहातावर गूळ घेऊन मी पुढे, शेवंती मागे. चौथ्या संध्याकाळी तिचे पुढचे दोन पाय टेम्पोत होते. मी सुशांतला फोटोही पाठवला.

पाचव्या सकाळी शेवंती फळीपर्यंत आली, छान उभी राहिली, मान खाली केली, क्षणभर थांबली आणि वळून सरळ तबेल्यात निघून गेली. कान सैल, पाय स्थिर. घाबरलेला घोडा असा जात नाही. ही ड्यूटी संपवून घरी निघालेली घोडी होती. संध्याकाळी मी पुन्हा खपलो, चारही पाय आत घेतले. सहाव्या सकाळी पुन्हा तेच.

"काकी, हिला रात्रीत काय होतं?"

"माका काय म्हायत?" काकी निरागस चेहऱ्याने म्हणाली. काकी एरवी माझ्याशी मुंबईचंच बोलायची. मालवणी फक्त खोटं बोलताना निघायची.

सातव्या दिवशी मी तासभर लवकर आलो आणि पाण्याच्या टाकीमागे लपलो. काकी शेवंतीला घेऊन टेम्पोपाशी आली. हातात ताट, ताटात निरांजन, कुंकू, अक्षता. फळीसमोर उभं करून तिने घोडीला चक्क ओवाळलं, पेढा भरवला, आणि जिभेने टक् केलं. शेवंती वळून तबेल्यात गेली. काकीने तिला परत आणलं आणि पुन्हा ओवाळलं. असं तीनदा.

माझ्या डोक्यात प्रकाश पडला. शेवंतीने जन्मभर हेच केलं होतं. हॉलच्या दारात यायचं, सासूबाई ओवाळणार, नवरदेव उतरणार, आपल्याला गोड मिळणार, की घरी. ओवाळणं नवरदेवासाठी असतं हे घोडीला कोण सांगणार? काकीने माझ्या टेम्पोचा हॉल करून टाकला होता.

"काकी!" मी टाकीमागून बाहेर आलो.

ती दचकली, पण ताट सोडलं नाही. "सुशांतला सांगणार?"

"सांगणार."

"सांग जा." मग आवाज उतरला. "त्याचे बाबा गेले. तेरावं झालं आणि सगळे आपापल्या घरी गेले. हिला चारा घालायचा म्हणून मी सकाळी उठायचे रे. नाहीतर कशाला उठले असते?"

मला वाईट वाटलं. पण माझं नावही मला प्यारं होतं. "उद्या ताट आणायचं नाही, काकी."

"आणणार. लेक चाललीय घरातून. मला कोण अडवतो बघतेच."

खरंच, कोणी अडवलं नसतं. म्हणून मी सुशांतला काही न सांगता नेरळवाल्याला फोन केला आणि रविवारी तासभर लवकर बोलावलं.

तो आला तेव्हा काकी आंघोळीला गेली होती. चाळीतली चाळीसेक माणसं जमली. मी गूळ पुढे धरला. शेवंती फळीवर आली. एक पाय, दुसरा. इतक्यात काकीच्या खिडकीतून काडेपेटीचा आवाज आला. काकीला कळलं होतं. एक काडी घासली, विझली. दुसरी मोडली.

"घे, घे, आत घे!" सुशांत म्हणाला.

शेवंतीचं तोंड माझ्या तळहातात होतं. गूळ संपला होता, तरी ती तोंड काढत नव्हती. या हातामागे गेलं की काही वाईट होत नाही, हे तिला मीच सात दिवस शिकवलं होतं. मला माझीच लाज वाटली. सरळ सांगतो, बारा वर्षांत अशी कधी वाटली नव्हती.

"थांबा!" मी ओरडलो. "घरची लेक चाललीय. ओवाळल्याशिवाय कशी जाईल?"

"हो की!" चाळीतल्या बायका एकदम म्हणाल्या. चाळीस माणसांसमोर सुशांतला नाही म्हणता येईना. मी शेवंतीला हळूच मागे घेऊन फळीसमोर उभं केलं.

काकी ताट घेऊन आली. ओवाळताना ती घोडीकडे नाही, माझ्याकडे बघत होती. पेढा भरवला. टक्. शेवंतीने मान खाली केली, वळली आणि गर्दीतून वाट काढत तबेल्यात गेली.

नेरळवाल्याने तिला दोनदा बाहेर काढलं आणि दोन्ही वेळा ओढलं. दुसऱ्यांदा तो चिखलात बसला. "फळी चढत नाही, ती डोंगर काय चढणार?" असं म्हणून रिकामा टेम्पो घेऊन निघून गेला.

"काय यार, धम्मपाल!" सुशांत भडकला. "तुझी गॅरंटी होती ना? जमलं की नाही जमलं, ते तरी बोल!"

उद्या हे गोरेगावभर होणार हे मला दिसत होतं.

"नाही जमलं," मी म्हणालो. आयुष्यात पहिल्यांदाच म्हणालो, आणि तबेल्यात काकीला नीट ऐकू जावं इतक्या मोठ्याने म्हणालो.