पत्र्यावरची छत्री

चार वाजायला वीस मिनिटं होती, आणि टीव्हीच्या निळ्या पडद्यावर एकच ओळ उभी होती: सिग्नल नाही.

"आता किती?" पत्र्यावरनं आकारामनं विचारलं.

"वरची पट्टी सत्तर, खालची शून्य," आतून त्याची बायको संयोगिता म्हणाली.

"खालचीच खरी. वरची नुसती वायर जोडली तरी दिसती."

"मग खरीच सांगते. शून्य."

दिल्लीत चार वाजता त्यांच्या लेकीची, शिवांजलीची, फायनल होती. पोरीनं आखाड्यात उतरू नये, असं आकाराम एकदा बोलून गेला आणि त्या शब्दाला चार वर्षं धरून बसला. आई जत्रांच्या मैदानांना चोरून जाऊन आली. बापानं लेकीची एकही कुस्ती पाहिली नव्हती. आज सकाळी पोरीनं फोनवर विचारलं, "आप्पा, बघणार न्हवं?" आणि तो म्हणाला, "बघतो." भाकरी थापता थापता संयोगिताचा हात थांबला होता.

मोबाईलवर बघावं, तर मलकापूरच्या पुढं या वाडीत चित्र अडकायचं आणि गोल फिरत राहायचं. राहिली ही फ्री डिशची छत्री. गेल्या आठवड्यात नव्या खोलीवर पत्रा घातला, तेव्हा ती जुन्या भिंतीवरनं इकडं आली. मलकापूरचा लियाकत मिस्त्री येतो म्हणाला होता. पण अठरा वर्षं फौजेच्या सिग्नलमध्ये काढलेल्या माणसानं छत्रीला मिस्त्री बोलवायचा? आकारामनं ट्रंकेतनं होकायंत्र काढलं, खांबाशी पत्र्यावर ठेवलं, आग्नेयेला एकशेतीस अंश मोजले आणि पान्यानं बोल्ट आवळला. चित्र आलं नाही. पुन्हा मोजलं, पुन्हा आवळलं.

संयोगिता अंगणात आली. मान वर करून तिनं एकदा आपली छत्री बघितली, एकदा शेजारची.

"आवं, अफसानाची छत्री तिकडं गावंधरीच्या रानाकडं तोंड करून हाय. आपली हिकडं उसाकडं."

"तिची चुकली असंल."

"चुकलेल्या छत्रीवर काल मालिका चालली व्हती? आवाज हितवर येत व्हता."

अफसानाच्या दाराला कुलूप होतं. सगळी विश्रामबागेत भाचीच्या साखरपुड्याला गेली होती. नाहीतर संयोगिता केव्हाच तिकडं जाऊन बसली असती.

"होकायंत्र खोटं बोलत न्हाई," आकाराम म्हणाला.

"मग ते घिऊन खाली या. हितं मातीत उभं राहून बघा, काय म्हणतंय."

तो चिडूनच उतरला. अंगणाच्या मधोमध उभा राहिला. सुई थरथरली, वळली आणि थांबली. त्यानं एकशेतीस अंश मोजले: थेट अफसानाच्या छत्रीची दिशा. आकाराम पत्र्याकडं बघत राहिला. लोखंडी पत्रा, खाली लोखंडी अँगल. लोखंडाजवळ होकायंत्र धरायचं नाही, हे त्यानंच नव्या जवानांना शिकवलं होतं, आणि चुकणाऱ्याला मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या होत्या.

"हसू नको," तो म्हणाला.

"हसायला येळ कुठाय. चढा."

चाराला सहा कमी. बोल्ट ढिला करून त्यानं छत्री बोटबोट फिरवली. आतून आकडे येऊ लागले. "शून्य. शून्य. बारा. थांबा, गेलं. बारा. तीस. पन्नास... आलं. माणसं दिसत्यात." त्यानं पाना फिरवला. बोल्ट गरगर फिरला, पकडेना. आवळून आवळून आटे गेले होते. हात काढला की छत्री कलायची. आतनं "गेलं" यायचं. तार बांधली, ती गुळगुळीत पाइपावर घसरली. उसावरनं वारा सुटला होता.

"मी धरून बसतो," तो म्हणाला. "तू बघ."

शिडी करकरली. संयोगिता पदर खोचून वर आली. तापलेल्या पत्र्यावर अनवाणीच.

"सरका. मी लय बघितल्यात तिच्या. सांगितलंय कुणी, 'बघतो' म्हणून?"

तिचे हात त्यानं छत्रीवर ठेवले, आणखी केसभर फिरवली, आणि उतरला.

आतून त्याचा आवाज आला. "आली. लाल कपडे हायती."

"पट्टी किती?"

"साठ. हलू नको. लागली कुस्ती."

तळवे भाजत होते. एक पाय उचलावा तर हात हलायचा. संयोगितानं दोन्ही पाय रोवले.

"दोन गुण समोरचीला," आकाराम म्हणाला. "पाय पकडलाय हिचा. अगं, कंबर खाली घे, खाली घे की..." तो बायकोशी बोलत नव्हता. "एक आपल्याला. एक-दोन."

मग आतून गुण यायचे थांबले. वाऱ्यानं छत्री एकदा ओढली, तिनं छातीशी धरली.

"आवं, गेलं का चित्र?"

हात तसेच ठेवून ती दाराच्या दिशेनं वाकली.

"आकडा तरी सांगा. मी हलले का?"

आत कुणीतरी नाक ओढलं.

"न्हाई हललीस," आकाराम म्हणाला. "पंचानं आपल्या पोरीचा हात वर केलाय. तशीच ऱ्हा जरा. बघतोय मी."