धुक्याचं पान

“फोटू मंग पाय, विमल. पयले टाइम पाय.”

यांचा हा आवाज अजून कानात आहे. मागच्या डिसेंबरातला रविवार होता. हे खाटेवर उशीला टेकून बसले होते आणि माझ्या मांडीवर लुंबिनीच्या प्रवासाची दोन पुस्तकं होती. एक पातळ, पिवळ्या पुठ्ठ्याचं. दुसरं जाड, चकचकीत कागदाचं. माझा भाचा धर्मेंद्र नागपूरहून दोन्ही घेऊन आला होता. पसंत न पडेल ते त्याच संध्याकाळी परत द्यायचं, असं त्यानं दुकानदाराशी ठरवलं होतं.

“नेपाल कायचा परदेश, मावसाजी? पासपोर्टबी नाई लागत,” धर्मेंद्र हसला.

“तुह्या बापानं गोंदिया नाई पायलं, अन् तू मले परदेश शिकवून राहिला!”

माझे मालक, तेजराम, एकतीस वर्षं जवाहरनगरच्या फॅक्टरीची बस चालवत होते. भंडारा ते फॅक्टरी, फॅक्टरी ते भंडारा. रिटायर झालो की लुंबिनीला जाऊ, असं दर बुद्धपौर्णिमेला म्हणायचे. झाले रिटायर. मग साखरेनं आधी डोळे नेले, मागून किडन्या. आता मंगळवार, गुरुवार, शनिवार डायलिसिस. शनिवारी दुपारी मशीनवरून सुटायचं, मंगळवारी सकाळी परत लागायचं. मधल्या वेळात लुंबिनी बसवायची होती. उन्हाळ्यापर्यंत थांबू म्हटलं, तर डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन मान हलवली होती.

मी पातळ पुस्तक वाचलं. नागपूर ते गोरखपूर एक दिवस, पुढं बसनं सीमा, सीमेपलीकडे तासभर. हे बोटांवर मोजत होते.

“जाऊन-येऊन धा-बारा तास उरते. बस झाले! आता जाडं काय म्हनते?”

जाड्यातही तेच तास होते. पण पान उलटलं आणि खाली चौकटीत लिहिलेलं दिसलं. हिवाळ्यात उत्तरेकडे दाट धुकं पडतं, गाड्या दहा-दहा तास उशिरा धावतात, आजारी माणसांनी या दिवसांत प्रवास टाळावा.

“सीमेवर…” म्हणून मी थांबले. घसा खाकरला. पान उलटलं.

“थेच लिवलं हाय, अजी,” मी म्हटलं.

“मंग जाडं कायले ठेवाचं? पातळच ठेव. अन् धर्मेंद्र, गुरुवारी तिकीट काढून टाक.”

जाडं पुस्तक मी स्वतःच्या हातानं धर्मेंद्रच्या पिशवीत घातलं.

मी रोज सकाळी बुद्धमूर्तीपुढं पंचशील म्हणते. लग्न होऊन आले तेव्हापासून एक दिवस चुकलेला नाही. दुसऱ्या दिवशी खोटं न बोलण्याच्या चौथ्या शीलाशी आले आणि ओठ उघडेनात. तशीच पाचवं म्हणून उठले.

“आज चार नंबर खाल्ला काय वं?” हे खाटेवरून म्हणाले.

मंगळवारी तेच. बुधवारी मात्र मूर्तीपुढून उठले ती सरळ यांच्या पायांशी जाऊन बसले.

“अजी, जाड्या पुस्तकात धुक्याचं होतं. गाड्या लेट होते म्हून लिवलं होतं. मी वाचलं नाई.”

“मालूम हाय.”

“कोनं सांगतलं?”

“वैनगंगेच्या धुक्यातून एकतीस हिवाळे बस नेली मी. धुकं काय पुस्तकात पाहा लागते? तुहा आवाज अडकला, तवाच समजलो.”

“मंग बोलले काहून नाई?”

हे उशीवरून थोडे पुढं सरकले. मग म्हणाले, “तू वाचत होती तवर मी जाऊन राहिलो होतो ना.”

मी त्यांच्या पायांवरून हात फिरवत राहिले. पाय सुजून गार पडले होते.

“तिकीट नोको म्हनाव त्याले,” हे म्हणाले. “तू जाजो. धुकं सरल्यावर. जासीन ना?”

“जाईन.”

“अन् घाई नोको करजो. तुले मंगळवार नाई.”

जानेवारीतल्या एका सोमवारी पहाटे हे गेले. मंगळवारी सकाळी दवाखान्यातून फोन आला, पेशंट अजून कसे आले नाहीत म्हणून. मी म्हटलं, “आता नाही येणार.” पलीकडची मुलगी म्हणाली, “मग ती वेळ दुसऱ्याला देऊ का?” मी हो म्हटलं.

मार्चमध्ये धर्मेंद्रला जाडं पुस्तक आणायला सांगितलं.

“मावशी, तवा परत केलं, अन् आता पायजे?”

“तवा चुकलं, बाबू.”

निघायच्या दिवशी सकाळी पाचही शीलं म्हटली. पौर्णिमा होती, दुपारनंतर खायचं नव्हतं, म्हणून पोळी-भाजी सकाळीच बांधून घेतली. शेजारच्या कौशल्याबाई फाटकाशी आल्या.

“अवं, कुठं निंघाली?”

“नेपालले.”

“एकटी? बाप्पा! पोरीले तं सांगतलं का तिच्या सासरी?”

“पोहोचल्यावर सांगन.”

त्यांनी हात पुढं केला. मी घराची किल्ली त्यांच्या तळहातावर ठेवली. बसफाटा दीड किलोमीटरवर आहे. कोपऱ्यावर ऑटो उभा होता, तरी पिशवी खांद्याला अडकवून मी चालतच निघाले.